ऊस वाहतुकीच्या मोसमात घरातली सायकल

बेळगावात राहून हिवाळ्यात सायकल घरातच चालवावी, असे कोणी सुचवले तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. युरोपात रस्त्यावर बर्फ साचतो, दिवस अवघ्या काही तासांचा होतो, म्हणून तिकडचे सायकलपटू नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घरातल्या सरावावर काढतात, हे सहज पटते. आपल्याकडे मात्र दिवाळीनंतर आभाळ निवळते, पहाटे पारा 12 ते 14 अंशांपर्यंत उतरतो, धूळ अजून वाढलेली नसते आणि जांबोटीच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंची झाडी पावसाळ्यातला हिरवेपणा टिकवून असते. हवामान पाहिले तर वर्षभरात सायकलीसाठी याहून चांगला काळ नाही. तरीही या महिन्यांत कामाच्या दिवसांचा सराव मी घरातच करतो आणि जो नवा सायकलपटू मला विचारतो त्यालाही तेच सांगतो. त्याचे कारण हवेत नाही, रस्त्यावर आहे.

कर्नाटकात साखर कारखान्यांची संख्या सर्वांत जास्त आहे ती बेळगाव जिल्ह्यात. गाळप हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, रायबाग, अथणी या सगळ्या भागांतले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात, आणि वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलग्यापासून बाचीपर्यंत चंदगड तालुक्याकडची वाहतूकही मिसळते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस, मागचा लाल दिवा उसाखाली झाकलेला किंवा मुळातच नसलेला, आणि रस्त्यावर सांडलेली वाढे दवाने ओली झालेली, अशा स्थितीत अरुंद टायरच्या सायकलीवरून अंधारात जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. यात चालकांना दोष देऊन भागणार नाही. कारखान्याच्या आवारात रात्रभर नंबर लावून बसलेला, पुढची खेप वेळेत पोहोचवण्याच्या घाईत असलेला तो माणूस आपल्यापेक्षा कितीतरी अधिक थकलेला असतो, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला सायकलीची घंटा ऐकू येणे शक्यच नसते.

दिवस उजाडल्यावर निघावे, तर तेही नोकरदाराला जमत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि बेळगाव साधारण 74.5 अंशांवर आहे. या आठ अंशांच्या फरकामुळे आपला सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे 32 मिनिटे उशिरा उगवतो. जानेवारीत सूर्योदय सात वाजण्याच्या सुमारास होतो. ज्याला नऊ वाजता कामावर हजर व्हायचे आहे, त्याने सव्वासातला निघून दीड तासाची रपेट करायची तर आंघोळ आणि नाश्ता कधी उरकायचा? म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी घरातला सराव आणि रविवारी लख्ख उजेडात बाहेरची लांब रपेट, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

घरातल्या सरावाची साधने मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि ती एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, हे या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. पहिले साधन रोलर. एका चौकटीत तीन ड्रम असतात, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली. मधला आणि पुढचा ड्रम एका पट्ट्याने जोडलेले असतात, त्यामुळे मागचे चाक फिरले की पुढचेही फिरू लागते. सायकल कशालाही जखडलेली नसते. रस्त्यावर जसा तोल सांभाळायचा तसाच तो इथेही सांभाळावा लागतो. दुसरे साधन म्हणजे स्थिर ट्रेनर, ज्यात मागचा अॅक्सल घट्ट आवळलेला असतो किंवा मागचे चाकच काढून साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, जोडलेली असते. इथे तोलाचा प्रश्न येत नाही, मात्र रोध हवा तेवढा वाढवता येतो. रोलर पाय मारण्याची रीत शिकवतो आणि ट्रेनर ताकद वाढवतो. बहुतेक जण थेट महागडा ट्रेनर विकत घेतात, आणि तेव्हा पहिली निम्मी गोष्ट राहूनच जाते.

रोलरची किंमत ऐकून मागे हटणाऱ्यांसाठी बेळगावात एक सोय आहे, जी फार थोड्या गावांना लाभली असेल. आपल्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथची कामे करणारी कसबी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि रोलर म्हणजे शेवटी तीन गोल नळ्या, सहा बेअरिंगे व एक चौकट. माझे रोलर तिथल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये तयार झाले. कागदावरचे चित्र पाहून मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "स्पीड किती?" मी ताशी तीस किलोमीटर म्हणालो. "किलोमीटर नको सर, आरपीएम सांगा." मग तिथेच गणित केले. ड्रमचा व्यास 110 मिलिमीटर धरला तर परिघ सुमारे 346 मिलिमीटर होतो, आणि ताशी 30 किलोमीटर वेगाला ड्रम मिनिटाला साडेचौदाशेच्या आसपास फेरे घेतो. तो आकडा ऐकताच मिस्त्री म्हणाले, "मग पाइप सीमलेसच घ्या. वेल्डिंगच्या पाइपाला एका बाजूला वजन ऱ्हातंय, एवढ्या स्पीडला थरथरणार बघा."

चार इंची नाममात्र मापाचा सीमलेस पाइप बाहेरून 114.3 मिलिमीटर भरतो. तो लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरून बाहेरून सफाईने 110 मिलिमीटरपर्यंत उतरवला, दोन्ही टोकांना चकत्या बसवल्या आणि त्यानंतर शेवटचा हात मारला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी पाइप उतरवून नंतर चकती बसवली तर पाइपाचा मध्य आणि बेअरिंगचा मध्य एकमेकांवर येतीलच याची खात्री नसते. मिस्त्रींनी डायल, म्हणजे गोलाईतला बारीक फरक काट्याने दाखवणारे माप, लावून ड्रम हाताने हळूहळू फिरवला. काटा एका बाजूला किंचित सरकून परत येत होता; त्यांनी ड्रम उतरवला नाही, एक बारीक पोत आणखी काढला आणि काटा जवळजवळ जागेवर स्थिरावल्यावरच मान हलवली. बेअरिंगे 6203 क्रमांकाची, म्हणजे 17 मिलिमीटर आतला व्यास आणि 40 मिलिमीटर बाहेरचा, घेतली. त्यातही रबरी सीलऐवजी पत्र्याचे झाकण असलेली निवडली, कारण रबरी सील थोडी ओढ धरते. पट्ट्यासाठी ड्रमच्या एका टोकाला खाच पाडली आणि गोल पीयू (पॉलियुरेथेन) पट्टा आणून त्याची दोन्ही टोके तापवलेल्या पात्यावर वितळवून एकमेकांना चिकटवली. पुढचा ड्रम मागेपुढे सरकवता यावा म्हणून चौकटीत ओळीने भोके ठेवली, कारण प्रत्येक सायकलीच्या दोन चाकांमधले अंतर वेगळे असते. पुढच्या चाकाचा मध्य ड्रमच्या मध्याच्या नेमका वर किंवा बोटभर मागे यायला हवा. तो ड्रमच्या पुढे गेला तर हँडल अस्थिर होते.

पोलादी ड्रमांचा एक फायदा वापरताना लक्षात येतो. तीन ड्रम मिळून वजन बारा किलोच्या आसपास जाते, आणि फिरत्या वजनाचा जोर चाकांना गती टिकवायला मदत करतो. बाजारातले अॅल्युमिनियमचे ड्रम हलके आणि उचलायला सोपे असतात, पण त्यांच्यावर पायाचा जोर जरा ढिला पडला की चाकाचा वेग लगेच उतरतो. शिकणाऱ्याला जड ड्रम अधिक मानवतात असा माझा अनुभव आहे.

रोलरवर चढायला बहुतेकांना भीती वाटते. चाक ड्रमवरून घसरले तर सायकल सुसाट सुटून भिंतीवर आदळेल, ही समजूत जवळपास प्रत्येकाची असते आणि ती निराधार आहे. रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाने जाताना स्वार आणि सायकल मिळून सगळेच वजन त्या वेगाने पुढे जात असते. रोलरवर स्वार जागच्या जागी असतो, गती असते ती केवळ चाकांना आणि ड्रमांना. टायर जमिनीला टेकला की चाकांतली ती थोडीशी ऊर्जा तिथेच संपते. पडायचेच झाले तर बाजूला पडतो, आणि त्यासाठी दाराच्या चौकटीत किंवा भिंतीलगत रोलर लावावा, म्हणजे खांदा टेकवायला आधार मिळतो.

माझा पुतण्या सध्या याच अवस्थेतून जात आहे. तो कॉलेजात आहे आणि शर्यतींत भाग घेतो. विजापूर, बागलकोट, जमखंडी या पट्ट्यातून राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचलेले सायकलपटू पाहून त्याच्याही मनात उमेद आहे. पहिल्या दिवशी आमच्या मधल्या खोलीच्या दारात रोलर मांडला, शहाबादी फरशीवर खाली रबरी चटई घातली आणि त्याला मध्यम गिअर लावून बसवले. एक हात चौकटीवर, एक हात हँडलवर. पाय फिरू लागताच त्याची नजर पुढच्या चाकाकडे गेली आणि सायकल ड्रमच्या काठाकडे सरकू लागली. मी म्हणालो, "चाकाकडे बघू नकोस, समोरच्या कोनाड्याकडे बघ." तो म्हणाला, "काका, कोनाड्याकडे बघतोय, पण हात आपोआप आवळतायत." नेमकी इथेच शिकण्यासारखी गोष्ट आहे. हँडल आवळून धरले की खांद्यातला प्रत्येक हेलकावा पुढच्या चाकात उतरतो; कोपर सैल सोडले, पोटाच्या स्नायूंनी धड तोलून धरले आणि वजन खोगिरावर राहिले की सायकल आपली आपण सरळ चालते. हळू पाय मारणे सुरक्षित वाटते, पण प्रत्यक्षात ते अवघड असते, कारण चाके जितकी मंद तितका तोल कठीण. त्याला मिनिटाला ऐंशीच्या वर फेरे घ्यायला लावले तेव्हा चौकटीवरचा हात सुटला आणि काही क्षण त्याच्या ध्यानातही आले नाही की आपण कशालाही धरलेले नाही.

त्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो आणि त्यात डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. पाय मारताना पेडल खाली ढकलण्याच्या टप्प्यात जोर जास्त आणि वरून खाली वळण्याच्या व खालून वर येण्याच्या टप्प्यांत जवळजवळ शून्य, अशी सवय बहुतेकांना असते. रस्त्यावर शरीर आणि सायकल यांचे वजन पुढे जात असल्यामुळे हे लपते. रोलरवर ते ड्रमच्या आवाजातून लगेच ऐकू येते: जात्यावर दोघींपैकी एकीचा हात कमी पडला की घरघर जशी चढउतार करते, तसा आवाज प्रत्येक फेऱ्याला दोनदा वर जातो आणि खाली येतो. पाय गोल फिरू लागला, तळाशी टाच किंचित मागे ओढली गेली आणि वर येताना दुसऱ्या पायावर त्याचे ओझे पडेनासे झाले, की आवाज एकसुरी होतो. पुतण्याला मी वेग किंवा वेळ सांगत नाही, फक्त आवाज एकसारखा ठेवायला सांगतो. मिनिटाला 90 फेऱ्यांवर तो जमला की 100 वर, मग 110 वर. आणि ज्या फेऱ्यांवर कंबर खोगिरावर उडू लागते, तिथून दहाने खाली येऊन थांबायचे.

एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंच असल्याने तिथली हवा विरळ असते, आणि तिची सवय व्हावी म्हणून मर्क्सने आपल्या घरच्या गॅरेजमध्ये रोलरवर, तोंडाला मुखवटा लावून, कमी प्राणवायूच्या हवेत सराव केला होता. जगातला त्या काळचा सर्वांत बलाढ्य सायकलपटू आपल्या सर्वांत अवघड तासाची तयारी गॅरेजमध्ये करतो, ही गोष्ट मी शिकाऊ मुलांना आवर्जून सांगतो.

रोलरची मर्यादाही स्पष्ट आहे. रस्त्यावर सपाटीला मुख्य विरोध हवेचा असतो आणि वेग दुप्पट केला तर त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. रोलरवर हवेचा विरोध नसतो, केवळ टायर ड्रमवर दबल्याचा रोध असतो, म्हणून वेगाबरोबर लागणारी शक्ती साधारण त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे मोठा गिअर लावूनही यळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर लागते तशी ताकद रोलरवर लावता येत नाही. त्यासाठी ट्रेनर हवा. पंख्याचा, चुंबकाचा, तेलाचा असे त्याचे प्रकार असून आताचे स्मार्ट ट्रेनर स्वाराने ठरवलेली शक्ती वॉटमध्ये कायम राखतात. पाय मंदावले की रोध वाढतो, पाय वेगात फिरले की कमी होतो. सराव आखताना आधी वीस मिनिटे जितकी जास्तीत जास्त शक्ती सलग टिकवता येते ती मोजावी आणि तिच्या 95 टक्के आकडा ही आपण तासभर टिकवू शकू अशी अंदाजे शक्ती मानावी. त्याच्या 90 टक्क्यांच्या आसपास वीस मिनिटांचे दोन टप्पे, मध्ये दहा मिनिटे हलके पाय, एवढे एका सकाळी पुष्कळ होते.

ट्रेनरवरच्या सरावाबद्दल ज्यांना शंका वाटते त्यांनी मॅथ्यू हेमनची हकीकत ध्यानात घ्यावी. फेब्रुवारी 2016 मध्ये बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाणे अशक्य असताना त्याने हाताला आधार देऊन घरातल्या ट्रेनरवर आठवडे काढले, आणि त्याच वर्षी 10 एप्रिलला, वयाच्या 37 व्या वर्षी, दगडी रस्त्यांच्या पॅरिस-रुबे शर्यतीत शेवटच्या धावेत टॉम बूनेनला मागे टाकून पहिला आला. पुढे 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने घरातल्या ट्रेनरवर खेळल्या जाणाऱ्या शर्यतींची पहिली जागतिक स्पर्धाच भरवली. पुरुषांत ती जेसन ऑस्बॉर्न या जर्मन नाविकाने, म्हणजे वल्ही मारणाऱ्या खेळाडूने जिंकली आणि नंतर तो रस्त्यावरचा व्यावसायिक सायकलपटू झाला.

घरातल्या सरावात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उष्णता. माणसाचे शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी वीस ते पंचवीस टक्केच पेडलपर्यंत पोहोचवते. पेडलवर 200 वॉट पडत असतील तर 600 ते 800 वॉट उष्णता शरीरातून बाहेर जायला हवी, म्हणजे खोलीत एक लहान हीटर चालू असल्यासारखेच आहे. रस्त्यावर अंगावर येणारा वारा घाम वाळवून ही उष्णता वाहून नेतो. घरात तो नसतो, अंग तापत जाते, आणि त्याच जोरावर नाडीचे ठोके हळूहळू चढत राहतात. त्यामुळे टेबल फॅन छातीच्या उंचीवर समोर ठेवणे अत्यावश्यक आहे. इथे बेळगावच्या थंडीचा आपल्याला मोठा लाभ होतो: पहाटे साडेपाचला पूर्वेची खिडकी उघडली की फॅनमधून येणारा वारा इतका गार असतो की मुंबई-पुण्याच्या सायकलपटूंनी हेवा करावा. वीज गेली तर मी ट्रेनरवरचे जोराचे टप्पे तिथेच थांबवतो आणि रोलरवर हलके पाय फिरवतो. रोलरला विजेची गरज नाही. आठवड्याची आखणीही याच धर्तीवर असते, मंगळवारी आणि गुरुवारी ट्रेनर, बुधवारी रोलर, रविवारी बाहेरची रपेट, बाकी विश्रांती किंवा चालणे. तासाच्या आत आटोपावे. ट्रेनरवर सायकल जखडलेली असल्यामुळे खोगिरावरचा भार हलत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी थोडे उभे राहून पाय मारावेत.

सायकलीची काळजी बाहेरच्यापेक्षा घरात जास्त घ्यावी लागते. घामातले मीठ हँडलच्या स्टेमचे (हँडल धरणाऱ्या दांड्याचे) स्क्रू, हेडसेटचे (हँडल ज्यावर वळते ते) बेअरिंग आणि टॉप ट्यूबच्या, म्हणजे चौकटीच्या वरच्या नळीच्या, आत गेलेल्या केबली यांवर थेंबाथेंबाने पडत राहते आणि गंज बाहेरून दिसेपर्यंत आतले काम झालेले असते. टॉप ट्यूबवर पंचा अंथरावा, सराव संपताच ओल्या फडक्याने सगळे पुसावे आणि महिन्यातून एकदा स्टेमचे स्क्रू काढून ग्रीस लावावे. चाकावर चालणाऱ्या ट्रेनरवर टायर लवकर सपाट होतो, तेव्हा जुना टायर त्यासाठी राखून ठेवावा. खोल नक्षीचा टायर कोणत्याही साधनावर चढवू नये, कारण त्याचा आवाज शेजाऱ्यांना भिंतीपलीकडेही ऐकू जातो. पोलादी ड्रमवर जस्ताचा मुलामा चढवून घेतला तर घामाने गंज धरत नाही.

पुतण्याचे पाय आता मोठ्या ड्रमवर बऱ्यापैकी गोल फिरू लागले आहेत, आणि त्याला रोलरवरच थोडा अधिक रोध हवा आहे. ड्रमचा व्यास जितका लहान तितका टायर त्यावर जास्त दबतो आणि रोध वाढतो. म्हणून तीन इंची पाइपाचे, बाहेरून साधारण 85 मिलिमीटरपर्यंत उतरवलेले तीन नवे ड्रम त्याच चौकटीत बसतील असे करून घ्यायचे ठरले आहे. फेरे त्यामुळे मिनिटाला अठराशेच्या वर जातील. तो आकडा मी मिस्त्रींना कळवला, तेव्हा त्यांनी या वेळी ड्रम बॅलन्सिंग मशीनवर चढवल्याशिवाय देणार नाही असे सांगितले आहे.